दादनी व्यापारी आणि गुमास्ते

व्यापाराचा इतिहास म्हटला की जहाजे, वखारी आणि सनदा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु वखारीत माल येई तो कोणाकडून, आणि त्याच्याशी व्यवहार कसा होई, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये इंग्रज कंपनी कापड घेई ते मुख्यतः दादनी पद्धतीने. दादनी म्हणजे आगाऊ उचल. कंपनी देशी व्यापाऱ्यांशी ठराव करून त्यांस रक्कम देई. ते ती पैकारांमार्फत विणकरांपर्यंत पोहोचवीत. माल आला की नमुन्याशी ताडून त्याची प्रत ठरे आणि उतरत्या मालाची किंमत कापली जाई. ही पारख मुळात गैर नव्हती. भाव न पटल्यास विणकराला डच, फ्रेंच वा देशी गिऱ्हाईक मिळू शके; म्हणून घासाघीस दोन्ही बाजूंनी चाले.

पुढे व्यापाऱ्यांकडील थकबाकी वाढली, मालाच्या प्रतीविषयी तक्रारी झाल्या, अटींवरून खटके उडाले. अखेर १७५३ साली कंपनीने दादनी व्यापाऱ्यांस दूर सारले आणि आपले गुमास्ते नेमले. मधला हात गेला, आता खर्च वाचला, असे कोणाही हिशेबी माणसास वाटावे. पण १७५७ साली प्लासीची लढाई झाली आणि गुमास्त्याच्या पाठीशी राजसत्ता उभी राहिली. विणकरांकडून मुचलके घेतले जाऊ लागले; दुसऱ्यास माल विकणे हा अपराध झाला.

१७६२ साली नबाब मीर कासीमने गुमास्त्यांच्या जबरदस्तीबद्दल कलकत्त्यास तक्रार केली. १७७२ साली विल्यम बोल्ट्सने लिहिले की, गुमास्ते ठरवीत ते भाव बाजारापेक्षा शेकडा १५ ते ४० ने कमी असत. बोल्ट्स हा कंपनीने हद्दपार केलेला नोकर. त्याचा राग वजा धरावाच लागेल. परंतु दोन साक्षी एकाच दिशेला बोट दाखवितात.

१७१५ च्या सुमाराच्या आपल्या आज्ञापत्रात टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत, असा इशारा आहे. त्याच ग्रंथात आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, जीर्ण झाड घेणेच झाले तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, अशी आज्ञा आहे. राजी करणे, या दोन शब्दांत सारे आले. बंगालच्या विणकराचा माग तोच राहिला, नमुनाही तोच राहिला. नाही म्हणण्याची मुभा तेवढी गेली. ती गेली की पुरवठादार वेठबिगार होतो.