न फडकलेले लाल निशाण

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेला स्फोट आपल्याला आठवतो तो बहुधा आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटांमुळे. विटा खऱ्याच होत्या. परंतु त्यांच्या आख्यायिकेत त्या दुपारचा मूळ प्रश्न झाकला जातो. जहाजावर काय आहे हे कागदोपत्री नोंदलेले होते, मग त्या माहितीतून वेळेवर निर्णय का झाला नाही?

'फोर्ट स्टिकीन' हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेडहून सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा घेऊन निघाले होते. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, लाकूड असा माल चढला. जहाजाच्या पोटातील दुसऱ्या कोठारात खाली कापूस आणि वर स्फोटके अशी रचना झाली. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे, असा माल गोदीबाहेरच पडावांत उतरवून घ्यावा, हे शांततेच्या काळातील शिरस्ते होते. युद्धाच्या घाईत दोन्ही सुटले.

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला. म्हणजे हाती सुमारे दोन तास होते. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की जागीच आग विझवावी, याचा निर्णय झाला नाही. अधिकारी अनेक होते; अखेरचा शब्द कोणाचा, हे मात्र ठरलेले नव्हते. गोदी रिकामी करण्याचा हुकूमही निघाला नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदीतील व परिसरातील शेकडो माणसे गेली.

धोकादायक मालाच्या वाहतुकीचे आपत्कालीन नियोजन म्हणजे या दोन तासांचा आधीच केलेला विचार होय. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने १९५६मध्ये अशा मालाच्या वर्गीकरणाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. पुढे पदार्थांना चार आकडी क्रमांक मिळाले, पेट्रोलचा १२०३. आपल्याकडे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी टँकरवर माहितीफलक आणि चालकाच्या केबिनमध्ये लेखी सूचना आवश्यक केल्या. एवढेच नव्हे, तर अशा वाहनाच्या चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितावाचता यावी, अशी अटही घातली.

साहित्याच्या अभ्यासकांनी ही अट ध्यानात घ्यावी. चिन्ह वाचणारा नसेल तर ते असून नसल्यासारखे, हे आपण वर्गात शिकवतो. इथे कायद्यानेच ते मान्य केले आहे. तथापि, त्याने वाचक म्हणून चालक, पोलीस आणि अग्निशामक एवढेच कल्पिले. उलटलेल्या टँकरपाशी सर्वांत आधी पोहोचतात ती शेजारच्या वस्तीतली माणसे, कित्येकदा सांडलेले इंधन भरून घेण्यासाठी डबे घेऊन. १२०३ या आकड्याचा अर्थ त्यांना कोणीही सांगितलेला नसतो. त्यांच्यापुरते लाल निशाण अजूनही फडकलेले नाही.