पिंपरीच्या कामगार वसाहती आणि स्पिट्झ

मराठी मुलखात श्वानाला मान नव्हता असे नाही. खंडोबाच्या परिवारात त्याला स्थान आहे, आणि वाघापासून आपले प्राण वाचविणाऱ्या कुत्र्याला साताऱ्याच्या शाहू महाराजांनी जहागीर व पालखीचा मान दिल्याचे इतिहासकार ग्रँट डफने नमूद केले आहे. परंतु तो गौरव पराक्रमाचा होता. केवळ सहवासासाठी पाळलेला लहान कुत्रा सामान्य कुटुंबाच्या माजघरात पुष्कळ उशिरा आला.

टोकदार कानांचे, कोल्ह्यासारख्या मुखाचे, झुपकेदार शेपटी पाठीवर वळविणारे स्पिट्झ कुळ मुख्यतः उत्तरेकडील थंड प्रदेशांतले. बाल्टिक किनाऱ्यावरील पोमेरेनिया प्रांताचे नाव लाभलेली त्याची शाखा जर्मन राजकन्या शार्लट १७६१ साली इंग्लंडची राणी झाल्यावर तिच्या दरबारी रुजली. आणि व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून आणलेला, जेमतेम साडेपाच किलोंचा मार्को लोकप्रिय झाल्यावर ठेंगण्या वाणाची चढाओढच लागली. इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आलेल्या स्पिट्झपासून आपला भारतीय स्पिट्झ घडला. लोक त्याला सर्रास पामेरियन म्हणत असले तरी तो त्याहून थोराड आणि इथल्या उन्हाळ्याला अधिक सरावलेला आहे. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीने तर त्याला घरोघरी पोहोचविले.

पिंपरीत तो का रमला हे कळण्यासाठी या नगरीची घडण पाहावी लागते. इथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे औद्योगिक विकास महामंडळ, आकुर्डीचा बजाजचा व पिंपरीचा टेल्कोचा कारखाना आले, १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि कालांतराने उद्योगांची रांग चाकणपर्यंत गेली. या उद्योगांसाठी खेड्यांतून कामगार आले. त्यांच्या गावी खळे राखणाऱ्या कुत्र्याला अंगण होते. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ते उरले नाही. अशा घराला स्पिट्झचा स्वभाव मानवतो, कारण तो अल्प जागेत रमतो, परक्या पावलाची वर्दी तत्काळ देतो, आणि रात्रपाळीहून परतणाऱ्या घरधन्याचे पाऊल मात्र अचूक ओळखतो.

परंतु हीच तीक्ष्ण संवेदना त्याला एकांत सोसू देत नाही. दिवसभर कुलूपबंद घरात ठेवल्यास तो अखंड भुंकतो, आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. दोष मात्र त्याचा नसतो. वेळेवर रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, दाट केसांची नित्य निगा आणि रोजचा थोडा निवांत सहवास, एवढे त्याचे रास्त वेतन आहे. पाळीच्या कामाचे मोल जाणणाऱ्या या नगरीने सोबतीचे काम निष्ठेने करणाऱ्या या प्राण्याचे वेतन कधी थकवू नये.