मशिदीच्या दारात आलेला पाहुणा

मशिदीचा कारभार म्हटला, की नमाजच्या वेळा, इमामांचा पगार आणि छपराची गळती एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण गावात मशीद असते, तशी गणेश मंडळं असतात, तालमी असतात, सरकारी दवाखाना असतो, पोलीस ठाणं असतं. त्यांच्यापैकी कोणी दारात आलं, तर हो म्हणायचं की नाही, आणि म्हटलं तर कुठपर्यंत, हे जमातीला ठरवावं लागतं. सातारा-सांगलीकडे हा प्रश्न जुना आहे. त्याचीच थोडी हकिकत सांगतो.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस शिवछत्रपतींची बखर लिहिली. महाराजांनी देवस्थानांबरोबर मुसलमानांचे पीर आणि मशिदी यांची दिवाबत्तीही त्या त्या स्थानाचा विचार करून चालू ठेवली, अशी नोंद तीत आहे. मला यातला दिवाबत्ती हा शब्द फार मोलाचा वाटतो. मदत कशासाठी, ते आधी ठरलेलं. त्यामुळे देणाऱ्याला उपकार केल्यासारखं वाटायला नको आणि घेणाऱ्याला मिंधं व्हायला नको.

आता अलीकडचं उदाहरण. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचं गाव आहे. 1980 च्या गणेशोत्सवात पावसाने जोर धरला. न्यू गणेश मंडळाची मूर्ती भिजू नये म्हणून तिथल्या मुसलमानांनी ती मशिदीत आणायला सांगितलं. पावसाचं निमित्त झालं आणि रीत पडली. तेव्हापासून हा गणपती दरवर्षी मशिदीत बसतो. गावात मुसलमानांची घरं शंभराच्या आसपास. त्यातली माणसं मंडळाची सभासद आहेत. प्रसाद करण्यापासून बंदोबस्ताला मदत करण्यापर्यंत त्यांचा हात असतो. प्रतिष्ठापनेला तहसीलदार आणि पोलीस अधिकारी यांना बोलावणं जातं.

मशिदीत मूर्ती ठेवणं अनेक मौलवींना मान्य होणार नाही, हे मला ठाऊक आहे. प्रत्येक मशिदीने तसंच करावं, असं माझं म्हणणंही नाही. मला या रिवाजातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. पाहुणा कधी येणार आणि कधी जाणार, हे पंचांगात लिहिलेलं आहे. अनंत चतुर्दशीला मूर्ती निघते आणि मशीद पुन्हा पूर्ववत होते. जागेवर कोणाचा हक्क तयार होत नाही. कामं वाटलेली असतात आणि सगळं गावासमोर होतं.

ही मर्यादा कायद्यातही आहे. वक्फची मिळकत अल्लाहच्या नावाने दिलेली. मुतवल्ली तिचा राखणदार, मालक नव्हे. त्याला ती विकता येत नाही आणि वर्षाचा हिशेब वक्फ मंडळाला द्यावा लागतो. जे आपलं नाही ते कोणाला देऊन टाकता येत नाही. पण पावसात कुणाला आसरा मात्र देता येतो.

पैशाचंही तसंच. जकात कोणासाठी खर्च करायची, ते कुरआनने ठरवून दिलं आहे. ती मशिदीच्या रंगरंगोटीत घालता येत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजीच्या मुसलमानांनी 2020 च्या रमजानमध्ये जकातीतून 36 लाख रुपये उभे केले आणि तिथल्या सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात 10 खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. पैसा समाजाचा, चालवणं सरकारचं, आणि खाट कोणत्याही धर्माच्या रुग्णासाठी. पुन्हा दिवाबत्तीसारखंच: कशासाठी दिलं, ते कोणालाही मोजता यावं.

हे सगळं गोड गोड सांगून थांबता येत नाही. गोटखिंडीच्याच जिल्ह्यात, मिरजेत, 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरून दंगल झाली. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर 2023 मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुराचं निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. अशा घटनेनंतर शांतता समितीच्या बैठका होतात. त्या व्हाव्यातच. पण एकमेकांची नावंही ठाऊक नसलेली माणसं तिथे समोरासमोर बसली, तर चहापलीकडे फारसं काही होत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं आपणहून ठरवलं. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, तिचा उपयोग झाला. जिथे आधीपासून बोलणं असतं, तिथे असा मार्ग लवकर सापडतो.

म्हणून आमच्या जमातींना माझं सांगणं एवढंच आहे. दारात संस्था येवो, मंडळ येवो, की निवडणुकीच्या तोंडावर पुढारी येवो, चार प्रश्न विचारा. कशासाठी? किती दिवस? पैसा कोणाचा? आणि हे सगळं जुम्याच्या नमाजनंतर सगळ्यांसमोर वाचून दाखवता येईल का? या चारांची उत्तरं सरळ मिळाली, तर दार उघडायला हरकत नाही. चौथ्याला पाहुणा अडखळला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.