उलट्या तलवारीचा संत

संत म्हणजे धर्मासाठी मेलेला हुतात्मा, नाहीतर संसार सोडलेला संन्यासी, ही युरोपातली जुनी समजूत. ओरियाकचा काउंट जेराल्ड यातला कोणीच नव्हता. दक्षिण फ्रान्समधला हा गडगंज जमीनदार इ.स. 909 मध्ये अंथरुणात वारला. सुमारे वीस वर्षांनी क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडो याने त्याचं चरित्र लिहिलं. ते मला फार आवडतं, कारण अशा माणसाला संत ठरवताना झालेली ओडोची ओढाताण त्यात लपत नाही.

लहानपणी अंगभर पुटकुळ्या उठल्या, पोर सरदारकीला निकामी ठरेल असं वाटलं, म्हणून आईबापांनी पोराला लिहिण्यावाचण्याला जुंपलं. पुढे लढाईत हा आपल्या माणसांना तलवारी उलट्या धरायला सांगे, भाले मागे वळवायला लावी. तरीही तो जिंकायचा, असं ओडो सांगतो. (शत्रूला काय वाटलं असेल, देव जाणे!) डोक्याचं मुंडण गुपचूप केलेलं, वर टोपी. मठ बांधला, पण स्वतः सरदारच राहिला. रयतेला न्याय कोण देणार?

त्याने हात धुतलेलं पाणी लोक पळवत आणि आंधळ्यांच्या डोळ्यांना लावत. ते कळल्यावर तो भडकला: पुन्हा कोणी दिलं तर, दास असेल त्याचा अवयव तोडीन, स्वतंत्र असेल त्याला दास करीन! नम्रतेचं रक्षण जमीनदारी धमकीने. ओडो हे अगदी सहज लिहून पुढे जातो.