होमिओपॅथी : छताला चिकटवलेल्या लिफाफ्याची गोष्ट

करोनाची साथ भारतात शिरकाव करू पाहत होती, त्या सुमारास म्हणजे २९ जानेवारी २०२० रोजी केंद्रीय आयुष मंत्रालयाने एक सल्ला प्रसृत केला. प्रतिबंधक उपाय म्हणून ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ हे होमिओपॅथिक औषध सलग तीन दिवस उपाशीपोटी घ्यावे, असे त्यात म्हटले होते. पुढील काही महिन्यांत महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांपासून पोलिसांच्या वसाहतींपर्यंत ठिकठिकाणी या साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्या वाटल्या गेल्या. त्या बाटलीवरील ‘३०’ या आकड्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले असेल. होमिओपॅथीविषयीचा दोनशे वर्षांचा शास्त्रीय वाद त्या आकड्यातच दडलेला आहे.

जर्मन डॉक्टर सॅम्युएल हॅनेमन (१७५५-१८४३) यांनी ही उपचारपद्धती घडविली. विल्यम कलेन यांच्या औषधशास्त्रावरील ग्रंथाचे भाषांतर करीत असताना १७९० मध्ये त्यांनी सिंकोनाची साल स्वतःच घेऊन पाहिली आणि आपल्याला हिवतापासारखी लक्षणे जाणवली, असे नोंदविले. निरोगी माणसात जी लक्षणे एखादे द्रव्य निर्माण करते, तीच लक्षणे असलेल्या रोग्याला ते द्रव्य सूक्ष्म प्रमाणात बरे करते, हा सिद्धान्त त्यातून पुढे आला. ‘सूक्ष्म’ म्हणजे किती, याचे गणित असे : मूळ द्रव्याच्या एका भागात ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल मिसळायचे आणि मिश्रण जोरजोरात आपटून हलवायचे. ही झाली पहिली पोटेन्सी. त्यातील एक भाग घेऊन पुन्हा ९९ भाग. द्रव्य न विरघळणारे असेल, तर सुरुवातीच्या पायऱ्या दुधाच्या साखरेत खल करून पार पाडायच्या. अशा ३० पायऱ्या झाल्या की बाटलीवर ३० हा आकडा येतो आणि मूळ द्रव्याचे प्रमाण एकावर ६० शून्ये दिल्यावर जी संख्या होईल, तितक्या भागांत एक भाग एवढे उरते.

येथेच रसायनशास्त्र आडवे येते. पदार्थ अनंत वेळा विभागता येत नाही. कोठेतरी शेवटचा रेणू येतोच. अ‍ॅव्होगाड्रो संख्येनुसार बाराव्या पायरीच्या आसपास मूळ द्रव्याचा एखादा रेणू शिल्लक असण्याची शक्यता जवळजवळ संपते. तिसाव्या पायरीवरील औषधात सोमलाचा एक रेणू सापडावा अशी अपेक्षा धरायची, तर हिशेबाने सुमारे दीड लाख सूर्यांच्या वजनाइतके औषध घ्यावे लागेल. हॅनेमन यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज योहान लोश्मिट यांनी १८६५ मध्ये केला आणि हॅनेमन त्याआधीच बावीस वर्षे निवर्तले होते. शिवाय त्यांच्या काळातील प्रस्थापित वैद्यक रोग्याचे रक्त काढीत असे आणि त्याला पाऱ्याची संयुगे पाजीत असे. तशा काळात जो वैद्य रोग्याला साखर देऊन स्वस्थ पडू देई, त्याचे रोगी अधिक संख्येने वाचले, यात नवल नाही.

न्यूरेम्बर्गमधील १०० कुप्या

या औषधांची निःपक्षपाती परीक्षा घेण्याचा बहुधा पहिलाच पद्धतशीर प्रयत्न १८३५ मध्ये जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथे झाला. शहरात होमिओपॅथीचे चांगलेच प्रस्थ माजले होते. मिठाचे तिसाव्या पोटेन्सीचे द्रावण घेतल्यास निरोगी माणसालाही विलक्षण संवेदना जाणवतात, असा तेथील एका होमिओपॅथचा दावा होता. सत्यप्रेमी म्हणवणाऱ्या काही नागरिकांनी त्यावर एक युक्ती योजली. १०० कुप्या आणून, सरमिसळ करून त्यांवर क्रमांक घातले. ५० कुप्यांत बर्फाचे ऊर्ध्वपातित पाणी भरले आणि ५० मध्ये मिठाचे द्रावण. कोणत्या क्रमांकात काय, याची यादी मोहोरबंद करून ठेवण्यात आली. कुपी देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही आत काय आहे हे ठाऊक नव्हते. पन्नास जणांनी आपला अनुभव कळविला. त्यांपैकी अवघ्या आठ जणांना काही वेगळे जाणवले होते. पाच जणांच्या कुपीत द्रावण होते, तर तिघांच्या कुपीत निव्वळ पाणी.

आज नव्या औषधाच्या चाचणीत जी ‘डबल ब्लाइंड’ पद्धत अनिवार्य मानली जाते, तिचे हे अगदी प्रारंभीचे उदाहरण. होमिओपॅथीने वैद्यकशास्त्राला नकळत दिलेली ही देणगीच म्हणावी लागेल.

क्लामारमधील आठवडा

त्यानंतर दीडशे वर्षांनी हाच प्रसंग पॅरिसजवळच्या क्लामार या उपनगरात पुन्हा घडला आणि तो साऱ्या जगाने पाहिला. जॅक बेनव्हेनिस्त हे कोणी ऐरेगैरे संशोधक नव्हते. रक्तातील बिंबिकांना गोळा करणाऱ्या एका महत्त्वाच्या घटकाच्या शोधामुळे त्यांचे नाव १९७० च्या दशकातच झाले होते आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या एका विभागाचे ते प्रमुख होते. ३० जून १९८८ च्या ‘नेचर’मध्ये त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अ‍ॅलर्जीच्या प्रक्रियेत भाग घेणाऱ्या बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवर एका विशिष्ट प्रतिपिंडाचा परिणाम होतो, हे माहीत होतेच. निबंधात म्हटले होते की, हे प्रतिपिंड इतके विरल केले की त्याचा एकही रेणू उरण्याची शक्यता नाही, तरीही पेशी प्रतिसाद देतात. विरलनाचे प्रमाण एकावर १२० शून्यांपर्यंत गेले होते. इस्रायल, इटली व कॅनडातील प्रयोगशाळांचेही निष्कर्ष जोडलेले होते. ‘पाण्याची स्मृती’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

‘नेचर’चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी निबंध छापला, पण एका अटीवर : आपले पथक येऊन प्रयोग डोळ्यांदेखत पाहील. जुलैमध्ये पथक क्लामारला पोहोचले. स्वतः मॅडॉक्स, शास्त्रीय गैरप्रकार शोधून काढण्यासाठी प्रसिद्ध असलेले अमेरिकेचे वॉल्टर स्ट्यूअर्ट आणि तिसरे चक्क जादूगार, जेम्स रँडी! शास्त्रीय चौकशीसाठी जादूगार कशाला, असा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला. पण माणूस स्वतःच्या डोळ्यांची फसवणूक कशी करून घेतो, हे जादूगाराइतके कोणाला ठाऊक असणार?

कोणती नळी कसली, हे माहीत असताना केलेल्या सुरुवातीच्या प्रयोगांत निष्कर्ष बेनव्हेनिस्त यांच्या बाजूने आले. मग पथकाने नळ्यांना सांकेतिक क्रमांक दिले. त्यांची किल्ली असलेला कागद धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळून, लिफाफ्यात मोहोरबंद करून रँडी यांनी प्रयोगशाळेच्या छताला चिकटवून टाकला, जेणेकरून कोणी हात लावलाच तर लगेच कळावे. या प्रयोगात पेशींची मोजणी सूक्ष्मदर्शकाखाली, नजरेने करावी लागते. रंग घेतलेली पेशी मोजायची, न घेतलेली सोडायची. एखादी सीमारेषेवरची पेशी धरायची की नाही, हे मोजणाऱ्याच्या हाती असते आणि अपेक्षा काय आहे हे माहीत असेल, तर हात नकळत तिकडेच झुकतो. लिफाफा खाली काढून क्रमांक जुळविले, तेव्हा विरल द्रावण आणि साधे पाणी यांत काहीच फरक दिसला नाही. प्रयोगशाळेतील काहींना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात.

पथकाचा अहवाल २८ जुलैच्या अंकात छापून आला. कोणी लबाडी केली, असे त्यात म्हटलेले नव्हते. संशोधकांनी स्वतःची फसगत करून घेतली, असा त्याचा रोख होता. निबंधाच्या दोन सहलेखकांचे वेतन बोआरों या होमिओपॅथिक औषधे बनविणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारातून दिले जात असल्याचेही त्यात नमूद होते. बेनव्हेनिस्त यांनी त्याच अंकात या चौकशीची तुलना चेटकिणींच्या शिकारीशी केली. त्यांचा संताप अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. निबंध आधी छापून मग झडती घेण्याची रीत विज्ञानाच्या शिष्टाचारात बसणारी नव्हती, असे त्यांच्या टीकाकारांपैकीही काहींना वाटले. परंतु १९९३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी कोणताही गाजावाजा न करता तोच प्रयोग काळजीपूर्वक केला आणि त्यांनाही परिणाम आढळला नाही. बेनव्हेनिस्त पुढे पाण्याची ‘स्मृती’ संगणकात साठवून दूरवर पाठविता येते, असे म्हणू लागले. अमेरिकेत त्याचीही तपासणी झाली. एक विशिष्ट व्यक्ती प्रयोग हाताळत असतानाच परिणाम दिसतो, असे परीक्षकांच्या लक्षात आले. स्वतंत्रपणे तो दिसला नाही. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याआधीच २००४ मध्ये बेनव्हेनिस्त यांचे निधन झाले होते. एका नामवंत शास्त्रज्ञाची कारकीर्द एका प्रयोगापायी अशी झाकोळली.

पाण्याला स्मृती असते का, याचे भौतिकशास्त्रातील उत्तर २००५ मध्ये ‘नेचर’मध्येच आले. द्रवरूप पाण्यातील रेणूंची परस्परांशी होणारी जुळणी सुमारे ५० फेम्टोसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाचे २० लाख कोटी भाग केले तर त्यांतील एका भागात, विस्कटते.

पवईतील नॅनोकण

या वादाला एक नवे वळण मिळाले ते मुंबईत. आयआयटी, पवई येथील प्रशांत चिक्रमाने, ए. के. सुरेश, जयेश बेल्लारे व एस. जी. काणे यांचा शोधनिबंध २०१० मध्ये ‘होमिओपॅथी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सोने, तांबे, कथील, जस्त, चांदी आणि प्लॅटिनम यांपासून बनविलेली बाजारातील औषधे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. २०० पोटेन्सीच्या औषधातही मूळ धातूचे नॅनोकण आढळल्याचे त्यांनी नोंदविले. हलविताना द्रावणात उठणाऱ्या बुडबुड्यांना चिकटून कण पृष्ठभागी येतात आणि वरचा थर पुढच्या पायरीत जात असल्याने ते धुऊन जात नाहीत, असे स्पष्टीकरण त्यांनी नंतर मांडले.

या निबंधाचा हवाला होमिओपॅथीच्या समर्थकांकडून वारंवार दिला जातो. पण त्यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सहाव्या पायरीनंतर धातूचे प्रमाण फारसे बदलत नाही, असे या संशोधकांना आढळले. तसे असेल तर ‘पोटेन्सी जितकी वरची, तितके औषध प्रभावी’ या मूळ तत्त्वाचे काय करायचे? शिवाय बाटलीत कण असणे वेगळे आणि त्याने रोग बरा होणे वेगळे. पहिला प्रश्न सूक्ष्मदर्शकाचा आहे, दुसरा रोग्यांवरील चाचणीचा. महाराष्ट्रातूनच दुसऱ्या प्रश्नाच्या दिशेने एक पाऊल पडले होते. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांचा उंदरांवरील वेदनाशामक प्रयोगांचा निबंध २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ने छापला आणि त्याची जगभर चर्चा झाली. आकडेवारी व चित्रांविषयी शंका उपस्थित झाल्यावर २०१९ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला.

रोग्यांवरील चाचण्यांचे काय?

त्या थोड्याथोडक्या नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये १९९७ साली क्लाउस लिंडे व सहकाऱ्यांनी ८९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा पारडे होमिओपॅथीकडे झुकलेले दिसले आणि समर्थकांना हर्ष झाला. मात्र दोनच वर्षांनी त्याच संशोधकांनी पुन्हा पाहणी करून सांगितले की, चाचणी जितकी काटेकोर, तितका परिणाम क्षीण होत जातो. २००५ मध्ये बर्न विद्यापीठातील मॅथियास एगर यांच्या गटाने ११० होमिओपॅथिक चाचण्या तितक्याच प्रचलित औषधांच्या चाचण्यांशेजारी ठेवल्या. मोठ्या व उत्तम दर्जाच्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर प्रचलित औषधांचा परिणाम टिकून राहिला. होमिओपॅथीचा मात्र बनावट औषधाहून वेगळा काढता येईना. अखेरच्या निष्कर्षासाठी होमिओपॅथीच्या केवळ आठ चाचण्या निवडल्या गेल्या आणि त्यांची नावेही प्रथम दिली गेली नाहीत, हा समर्थकांचा आक्षेप रास्त होता. परंतु ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये ६१ आजारांवरील १७६ अभ्यास विचारात घेऊन काढलेला निष्कर्षही वेगळा नव्हता. याउलट रॉबर्ट मॅथी यांच्या २०१४ च्या आढाव्यात रोगीनिहाय निवडलेल्या औषधांचा अल्पसा परिणाम दिसला होता, तथापि पुराव्याच्या कमकुवत दर्जामुळे सावधगिरी बाळगण्याचा इशारा लेखकांनीच दिला. ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक उणीव दाखविली : नोंदणी झालेल्या होमिओपॅथिक चाचण्यांपैकी सुमारे ३८ टक्के कधी प्रसिद्धच झाल्या नाहीत. ज्या चाचण्या फसल्या त्या कपाटातच राहिल्या असतील, तर छापून आलेले चित्र आहे त्याहून उजळ दिसणारच.

मग ‘मला तर गुण आला’ असे सांगणारे लाखो रोगी खोटे बोलतात काय? मुळीच नाही. सर्दी, अंगावरची पित्ते, डोकेदुखी हे आजार कमीअधिक होत असतात आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर. दुसरे कारण इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०११ मध्ये नेमकेपणाने दाखवून दिले. संधिवाताच्या ८३ रोग्यांचे गट करून काहींना होमिओपॅथची प्रदीर्घ भेट व औषध, काहींना भेट व बनावट औषध, तर काहींना भेटीविना नुसत्या गोळ्या देण्यात आल्या. ज्यांना भेट मिळाली त्यांना बरे वाटले, मग गोळी खरी असो वा खोटी. औषधाने स्वतःची अशी भर काही घातली नाही. दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी हाती पडण्याची सवय झालेल्या शहरी रोग्याला, झोप कशी लागते आणि स्वप्ने कसली पडतात हे तासभर विचारणारा डॉक्टर भेटला, तर त्याचा परिणाम होऊ नये कसा?

धोका निर्माण होतो तो मधुमेह, कर्करोग, दमा अशा आजारांत, जेव्हा ही गोळी चालू औषधाच्या जागी घेतली जाते. खालच्या पोटेन्सीच्या औषधांत, विशेषतः बेलाडोनासारख्या विषारी वनस्पतींच्या, प्रत्यक्ष द्रव्य उरलेले असू शकते, हेही विसरता कामा नये. लहान मुलांच्या दात येण्यावरील अशा गोळ्यांत बेलाडोनाचे प्रमाण अनियमित असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २०१७ मध्ये आढळले होते.

सरकारांनी या पुराव्याचा अर्थ आपापल्या परीने लावला आहे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१७ मध्ये आपल्या डॉक्टरांना होमिओपॅथिक औषधे लिहून देऊ नका, असे सुचविले. बेनव्हेनिस्त यांच्या फ्रान्समध्ये आरोग्यविम्यातून या औषधांचा खर्च परत मिळणे १ जानेवारी २०२१ पासून पूर्णतः थांबले. भारतात २०२० साली संसदेने राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाचा कायदा संमत करून या शिक्षणाच्या नियमनासाठी नवी व्यवस्था उभी केली.