बोसाँ हिमनदीतील विमान-अवशेष

फ्रान्समधील माँ ब्लाँ शिखरावरून (सु. 4,808 मी.) शामोनीच्या दरीत उतरणाऱ्या बोसाँ हिमनदीत सापडणारे दोन भारतीय प्रवासी विमानांचे अवशेष. दोन्ही विमाने मुंबईहून लंडनला निघाली होती आणि जिनीव्हाला उतरण्यापूर्वी शिखरालगतच्या एकाच परिसरात आदळली. या दोन अपघातांत पंधरा वर्षांहून अधिक अंतर आहे. त्यामुळे हिमनदीत सापडलेला तुकडा नेमका कोणत्या विमानाचा, हे दरवेळी ठरवावे लागते.

अपघात : ‘मलबार प्रिन्सेस’ (नोंदणी व्हीटी-सीक्यूपी) हे एअर-इंडिया इंटरनॅशनलचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान 3 नोव्हेंबर 1950 रोजी कोसळले व 48 जण ठार झाले. प्रवासी प्रामुख्याने भारतीय खलाशी होते. शोधपथकातील वाटाड्या रने पेयो याचाही मृत्यू झाला. ‘कांचनजंगा’ (व्हीटी-डीएमएन) हे एअर इंडियाचे बोइंग 707 विमान 24 जानेवारी 1966 रोजी आदळले. त्यातील 117 मृतांमध्ये अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. ते व्हिएन्नाला निघाले होते.

अवशेष वर येणे : शिखराजवळ पडलेल्या वस्तूंवर बर्फाचे थर साचतात आणि त्या बर्फाबरोबर उताराने सरकत राहतात. खालच्या, उबदार पट्ट्यात बर्फ वितळले की काही दशकांनी त्या उघड्या पडतात. वाटेत भेगा व कडे लागत असल्याने धातूचे पत्रे चुरगळतात, फाटतात आणि विखुरतात. त्यामुळे वस्तू कोठे व कोणत्या वर्षी सापडली, एवढ्यावरून ती कोणत्या अपघातातील हे सांगता येत नाही.

ओळखीच्या खुणा : दोन्ही विमाने अमेरिकी बांधणीची, दोन्हींचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व रिव्हेटांनी जोडलेला. म्हणून नुसत्या पत्र्यावरून निर्णय होत नाही. एंजिनाचा भाग मिळाला तर शंका राहत नाही. कॉन्स्टेलेशनला पंखे फिरवणारी, 18 सिलिंडरांची पिस्टन एंजिने होती. हवेने थंड होणाऱ्या या सिलिंडरांना बाहेरून दाट, पातळ पत्र्या असतात. बोइंगची रोल्स-रॉइस कॉनवे एंजिने जेट प्रकारची. त्यांचे अवशेष चकत्या आणि त्यांवर ओळीने बसवलेली लहान पाती अशा रूपात मिळतात. खिडकीची चौकटही उपयोगी पडते : कॉन्स्टेलेशनच्या या प्रकारात खिडक्या गोल होत्या, तर बोइंगच्या उभट चौकोनी, गोलसर कोपऱ्यांच्या. सुट्या भागांवर ठोकलेला क्रमांक व तपासनिसाचा शिक्का निर्मात्याचे नाव न लिहिताही निर्मात्यापर्यंत पोहोचवतो. कंपनीच्या नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द 1962 मध्ये गळल्याने नाव छापलेली वस्तूसुद्धा काळाचा अंदाज देते.

कागदपत्रे : यंत्रभागांपेक्षा कित्येकदा कागद अधिक नेमका पुरावा ठरतो. 2012 मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली राजनैतिक टपालाची पिशवी सापडली. आतील वृत्तपत्रांमुळे ती 1966 च्या विमानातील असल्याचे ठरले. 2020 मध्ये वितळत्या बर्फातून भारतीय वृत्तपत्रांचा गठ्ठा निघाला. इंदिरा गांधी यांची पंतप्रधानपदी निवड झाल्याचा मथळा त्यात वाचता येत होता. ही निवड 19 जानेवारी 1966 रोजी, म्हणजे अपघाताच्या पाच दिवस आधी झाली होती. तारखेचा कोपरा फाटलेला असता, तरी गठ्ठा ‘मलबार प्रिन्सेस’चा मानता आला नसता.

मौल्यवान वस्तू : 2013 मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम व माणिक असलेली लहान धातूची पेटी मिळाली. आतील काही पुड्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले होते. हे शब्द दोन्ही विमानांना लागू पडतात. तरी पेटी ‘कांचनजंगा’तील मानली जाते. गिर्यारोहकाने ती पोलिसांकडे सोपवली. वारसांचा शोध निष्फळ ठरल्यावर 2021 मध्ये रत्ने तो आणि शामोनी नगरपालिका यांच्यात निम्मी-निम्मी वाटण्यात आली.

क्रमांक, यंत्ररचना किंवा छापील मजकूर यांपैकी काहीच न उरलेल्या तुकड्याबाबत ‘दोहोंपैकी एका विमानाचा’ एवढीच नोंद करणे योग्य ठरते.