‘मला काहीच जमत नाही’: मनातल्या टीकाकाराला उत्तर कसं द्यायचं?
एक पेपर अवघड गेला की ‘मला काहीच जमत नाही’ हा विचार लगेच डोक्यात येतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात अशा विचारांना ‘स्वयंचलित विचार’ म्हटलं. ते इतक्या झटकन येतात, की न तपासताच खरे वाटतात.

बेक यांच्या कॉग्निटिव्ह थेरपीतला एक उपाय म्हणजे विचार जसाच्या तसा कागदावर लिहिणं. मग त्याच्या बाजूचे आणि विरोधातले पुरावे मांडायचे आणि वाक्य दुरुस्त करायचं: ‘हा पेपर अवघड गेला, आधीचे दोन बरे गेले होते.’ इथे खोटी स्तुती नको, नेमकेपणा हवा.

झोप-भूक बिघडली असेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या हेल्पलाइनवर मराठीतही मोफत बोलता येतं.